९४ आणि ११ चं कोडं

पत्र:

"दादा, आमच्याकडे आधी १०० एमबीपीएसचा प्लॅन होता. मुलांचा ऑनलाइन क्लास अडकायला लागला म्हणून ३०० चा घेतला, पण काडीचाही फरक नाही. हॉलमध्ये लॅपटॉप केबलने राउटरला जोडून स्पीड टेस्ट केली तर ९४ येतात, दहा वेळा केली तरी ९३ नाहीतर ९४. फाइल डाउनलोड करताना तर ११ च्या वर जातच नाही. आतल्या बेडरूममध्ये मोबाइलवर कधी १५ तर कधी ६. आणि संध्याकाळी घरात सगळे आले की माझे ऑफिसचे व्हिडिओ कॉल हमखास गोठतात, अगदी राउटरच्या शेजारी बसले तरी. मिस्टर म्हणतात कंपनी फसवतेय, बदलून टाकू. मुलगा म्हणतो आठ अँटेनावाला गेमिंग राउटर घ्या. आमचा राउटर पाच-सहा वर्षांचा आहे, खोक्यावर १२०० लिहिलंय, टीव्ही युनिटच्या कप्प्यात टीव्हीच्या मागे ठेवलाय. कंपनीचं फायबरचं डबडं त्याच्या शेजारीच. घेऊ का नवीन? — वैतागलेली ताई"

ताई, आधी तुमचं कौतुक. मला येणाऱ्या दहातल्या नऊ पत्रांत एवढंच असतं की "नेट स्लो आहे, चांगला राउटर सुचवा", संपलं. तुम्ही आकडे दिलेत, आणि खरं सांगायचं तर निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुमच्या घरी एक नाही, तीन वेगवेगळी दुखणी आहेत, त्यातलं एकही आठ अँटेनांनी बरं होणारं नाही. म्हणून मुलाला जरा थांबायला सांगा, आणि मिस्टरांना पण.

आधी ते ९४ आणि ११. हे दोन वेगळे आकडे नाहीतच हो, एकच आहेत. स्पीड टेस्ट मेगाबिटमध्ये मोजते, फाइल डाउनलोड होताना जो आकडा दिसतो तो मेगाबाइटमध्ये असतो, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. ९४ ला ८ ने भागा, पावणेबारा येतात. त्यातलं थोडं इकडेतिकडे जातं, उरले अकरा-साडेअकरा. म्हणजे मिस्टर जे म्हणतायत की "३०० सांगितले आणि ११ देतायत" ते चूक, ३०० च्या प्लॅनवर डाउनलोडला फार तर ३६-३७ दिसायला हवेत. पण मग तेवढे तरी का दिसत नाहीत, हा प्रश्न उरतोच, आणि तो रास्त आहे.

तर ९४. नेटवर्कचं काम करणारा कुठलाही माणूस हा आकडा ऐकला की गालातल्या गालात हसतो. नेटवर्कची केबल जोडली की दोन्ही टोकांची यंत्रं आपापसात ठरवतात की कुठल्या स्पीडने बोलायचं, आणि घरात सापडणाऱ्या बहुतेक वस्तूंमध्ये ते दोनच असतात, १०० किंवा १०००. मधलं काही नाही. १०० ठरले की त्यातले पाच-सहा टक्के डेटाच्या पाकिटांवरच्या पत्त्याबित्त्यात जातात आणि हातात राहतात ९४. त्यामुळे तुम्ही ३०० चा प्लॅन घ्या नाहीतर हजारचा, टेस्ट ९४ च्या वर जाणार नाही. आणि ती इतकी स्थिर येते हीच मोठी खूण आहे, कारण कंपनीकडून स्पीड कमी पडत असता तर आकडा वरखाली नाचला असता, सकाळी १८०, रात्री ६० असं काहीतरी. तुमचा दहाही वेळा ९३-९४. म्हणजे वाटेत कुठेतरी एक १०० चं भोक आहे आणि सगळं त्यातून चाललंय. जुना प्लॅनच १०० चा होता म्हणून कधी कळलं नाही एवढंच. कंपनी बदललीत तर चोर सोडून संन्याशाला फाशी होईल.

आता भोक कुठे आहे ते शोधायचं, आणि इथे मी माझीच फजिती सांगतो. मागे माझ्याकडे पण प्लॅन वाढवल्यावर हेच झालं. मी म्हटलं राउटर जुना झाला, गेलो, नवीन आणला, अख्खा रविवार त्याच्यात घातला, सगळे पासवर्ड परत टाकले, टीव्ही जोडला, प्रिंटर जोडला (तो प्रिंटर जोडणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे), आणि टेस्ट केली तर ९४. मग रागारागात टेबलाखाली वाकलो तर डबड्यातून राउटरला जाणारी केबल माझ्या खुर्चीच्या चाकाखाली चपटी झालेली. या केबलच्या आत आठ बारीक तारा असतात, चार जोड्या. १०० ला दोनच जोड्या पुरतात, हजारला चारही लागतात. १०० ला न लागणाऱ्या जोड्यांतली एक तार तुटली की दोन्हीकडची यंत्रं काही तक्रार न करता गुपचूप १०० वर येतात, ना लाल लाइट, ना एरर, नेट चालू. केबल बदलली, दोन मिनिटांत आकडा तिप्पट. जुना राउटर तोपर्यंत मी कुणाला तरी देऊनही टाकला होता.

म्हणून ताई, पहिलं काम केबल. तुमच्याकडे दोन आहेत, डबड्यातून राउटरला जाणारी आणि राउटरमधून लॅपटॉपला जाणारी. दोन्ही एकेक करून बदलून बघा, केबलवर बारीक अक्षरात कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेलं असावं. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड म्हणून एक ओळ असते, तिथे १०० दिसतंय की १००० ते बघा, स्पीड टेस्टपेक्षा हे जास्त खरं बोलतं. मग राउटर बाजूला ठेवून लॅपटॉप सरळ कंपनीच्या डबड्याला जोडा. तिथे लिंक १००० आली आणि टेस्टला २८०-२९० मिळाले तर कंपनी निर्दोष, राउटर गुन्हेगार. काही जोडण्यांमध्ये लॉगिन राउटरमध्ये भरलेलं असतं, तेव्हा असं थेट जोडल्यावर नेट चालणार नाही, पण लिंक स्पीड तरी दिसेलच, आपलं काम तेवढ्यावर होतं. आणि हो, लॅपटॉपचा स्वतःचा पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, पण १०० चा असू शकतो, विशेषतः यूएसबीवाली स्वस्तातली पिन लावून केबल जोडत असाल तर. ती शंका पण फेडून घ्या, नाहीतर डबड्याला जोडल्यावरही ९४ च दिसतील आणि तुम्ही परत कंपनीला शिव्या घालाल.

माझा अंदाज विचाराल तर तुमच्या राउटरचे पोर्टच १०० चे असणार. त्या पिढीच्या "१२००" वाल्या बऱ्याच राउटरना ते तसेच असायचे. तुम्ही म्हणाल खोक्यावर १२०० लिहिलंय की! लिहिलंय खरं, पण ते १२०० म्हणजे हवेतली, वायफायच्या दोन बँडची बेरीज आहे: ५ गिगाहर्ट्झवर ८६७ आणि २.४ वर ३००, मिळून ११६७, म्हणून म्हणायचं १२००. तुमचा मोबाइल एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या वाट्याला कधीच येत नाही, आणि बँडचे आकडे पण आदर्श परिस्थितीतले, खरे निम्म्याच्या आसपास मिळतात. पोर्टबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. टाकी भली मोठी आणि तिला नळ करंगळीएवढा, असा प्रकार. तुमच्या राउटरचं मॉडेल नेटवर शोधा, पोर्टच्या ओळीत "१०/१००" एवढंच असेल तर विषय मिटला, "१०/१००/१०००" किंवा गिगाबिट असेल तर पुन्हा केबलकडे वळा.

पोर्ट १०० चेच निघाले तर हो, नवीन राउटर घ्या, तिथे मी अडवणार नाही. पण कुठला? सगळे पोर्ट गिगाबिट, विशेषतः ज्याच्यात बाहेरून लाइन येते तो. ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्ही. वायफाय ६, म्हणजे तांत्रिक नाव ८०२.११एएक्स, २०१९ पासून त्याचं सर्टिफिकेशन सुरू झालंय आणि आता साध्या साध्या मोबाइलमध्ये पण ते असतं. खोक्यावर एएक्स १५०० किंवा ३००० असं काहीतरी लिहिलेलं असेल, तीच बेरजेची गंमत. ३००० मधला मोठा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर मिळतो आणि बऱ्याच मोबाइलना ती रुंदी चालतच नाही, तेव्हा ३०० च्या प्लॅनला १५०० वाला पण पुरून उरतो. वायफाय ७ चं सर्टिफिकेशन जानेवारी २०२४ मध्ये आलं, भारी आहे, पण घरातले मोबाइल आणि लॅपटॉप वायफाय ७ चे नसतील तर राउटर एकट्याने काय करणार, टाळी एका हाताने वाजत नाही. त्यापेक्षा ज्या मॉडेलला अपडेट नियमित येतात आणि ज्याच्यात डब्ल्यूपीए३ (वायफायचं नवं, जास्त पक्कं कुलूप) आहे ते बघा.

आणि आठ अँटेना. मुलाला सांगा, तुझ्या मोबाइलमध्ये वायफायच्या जेमतेम दोन आहेत, राउटरला आठ असले तरी बोलणं दोनावरच होणार. जास्त अँटेनांचा थोडा फायदा असतो, नाही असं नाही, भरपूर डिव्हाइस असतील तर होतो, पण दोन भिंतींपलीकडे रेंज त्याने पोचत नाही. ट्रान्समिट पॉवरला सरकारी मर्यादा असते, ती कोळ्यासारख्या दिसणाऱ्या राउटरला पण लागू आहे.

आता दुसरं दुखणं, बेडरूम. इथे प्लॅनचा, कंपनीचा, केबलचा काही संबंध नाही. तुमचा राउटर कप्प्यात आहे, कप्प्यासमोर टीव्ही, आणि टीव्हीच्या पाठीला भलामोठा धातूचा पत्रा. म्हणजे दिवा लावायचा आणि त्याच्यावर पातेलं पालथं घालायचं. वायर दिसू नये म्हणून सगळे हेच करतात, माझ्याही घरी वर्षभर तसंच होतं.

करून बघा: मोबाइलवर वायफाय ॲनालायझरसारखं एखादं ॲप टाका, त्यात सिग्नल उणे डीबीएममध्ये दिसतो. राउटरच्या शेजारी उणे ३५ च्या आसपास असेल. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला मेसेजच जेमतेम जातात. आणि हा आकडा सरळ वजाबाकीसारखा वाचायचा नाही, दर १० ने खाली गेला की सिग्नल एक दशांश उरतो. आता मोबाइल हातात धरून हॉलमधून बेडरूमकडे हळूहळू चाला आणि आकडा बघत राहा. एखाद्या ठिकाणी तो एका पावलात १०-१२ ने कोसळेल, तिथे मान वर करून बघा, सळ्या घातलेलं काँक्रीट असेल, नाहीतर कपाटाला लावलेला मोठा आरसा, आरशाच्या मागे धातूचा लेप असतो. पाण्याची टाकी किंवा फिशटँकसुद्धा सिग्नल पितो. मग राउटर बाहेर काढून उघड्यावर ठेवा, खांद्याएवढ्या उंचीवर, जमेल तितका घराच्या मध्यावर, आणि परत तोच फेरा मारा. कधी कधी दोन हात सरकवल्याने, म्हणजे सिग्नल भिंतीतून न जाता दारातून जाईल अशी जागा सापडली की, बेडरूमचा आकडा उणे ७९ वरून ६५ वर येतो. एक पैसा खर्च न करता!

फायबरची बारीक वायर मात्र स्वतः ओढाताण करून हलवू नका, ती आतून काचेची असते, जास्त वाकवली की गेली. डबडं आहे तिथेच राहू दे, तिथून लांब लॅन केबल टाका आणि राउटर दुसरीकडे न्या. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लागणार पण नाही. घेताना तांब्याची घ्या, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, ती नको. अँटेना एकाच मजल्यावर घर असेल तर सरळ उभ्या ठेवा, त्यांचा सिग्नल टोकातून निघत नाही, बाजूने पसरतो, त्यामुळे बेडरूमकडे बंदुकीसारखी नेम धरून रोखलेली अँटेना उलट तोटाच करते.

दोन बँडचं पण समजून घ्या. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीतून बरा जातो, पण हळू, आणि तिथे प्रचंड गर्दी, शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह चालू असेल तर तो पण तिथेच बडबडतो. ५ गिगाहर्ट्झ फास्ट पण भिंतीला घाबरतो. तुमचा मोबाइल बेडरूममध्ये बहुतेक २.४ ला चिकटतोय, म्हणून १५. दोन्ही बँडना वेगळी नावं देऊन बघा, मग कुठल्या खोलीत काय चालतं ते आपोआप कळेल. २.४ ला चॅनेलची रुंदी २० ठेवा आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यातलाच एक. ॲपमध्ये ३ नंबर मोकळा दिसला तरी तिथे जाऊ नका, कारण एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात, आणि मधेच बसलेला १ वाल्यांना पण नडतो आणि ६ वाल्यांना पण, कुणालाच कुणाचं धड ऐकू येत नाही. ५ ला रुंदी ८०. तिथले काही चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत, ते निवडले की राउटर आधी किमान मिनिटभर कान देऊन ऐकतो, तेवढा वेळ वायफायचं नाव गायब होतं. बिघडला म्हणून घाबरू नका.

एवढं करूनही बेडरूम कोरडीच राहिली तर तिथे दुसरा राउटर किंवा मेश (एकमेकांशी जोडून एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन राउटर) लागेल. रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) घेणारे लोक तो नेमका रेंज नसलेल्या खोलीत लावतात आणि मग म्हणतात दांड्या फुल आहेत पण नेट चालत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तो मधल्या वाटेवर लावायचा, जिथे सिग्नल अजून चांगला आहे. आणि जो रिपीटर एकाच बँडवर ऐकतो आणि त्याच बँडवर पुढे बोलतो त्याचा स्पीड निम्मा होतोच, कारण प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा बोलली जाते. सगळ्यात उत्तम म्हणजे बेडरूमपर्यंत केबल नेऊन तिथे तुमचा जुना राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे राउटरचं काम न करता नुसतं वायफाय पसरवायचं) लावणं. पोर्ट १०० चे असले तरी त्या खोलीत ९० मिळतील, आता १५ मिळतायत.

तिसरं दुखणं संध्याकाळचं, आणि मला सगळ्यात मजा याच्यात आली, कारण तुम्ही लिहिलंत "राउटरच्या शेजारी बसले तरी". म्हणजे रेंजचा प्रश्न नाही. संध्याकाळी सगळे घरी येतात, सगळ्यांचे मोबाइल वायफायला लागतात, आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ गुपचूप वर क्लाउडवर चढायला लागतात. अपलोडची वाट पूर्ण भरते, राउटर पुढची पाकिटं रांगेत उभी करत जातो, करतच जातो, आणि तुमच्या आवाजाचं चिमुकलं पाकीट त्या रांगेत शेवटी. स्पीड टेस्ट तेव्हाही बरी येईल पण कॉल गोठणार, कारण कॉलला स्पीड फारसा लागत नाही, वेळेवर पोचणं लागतं. पडताळून बघायचं तर काही स्पीड टेस्ट पिंगचे (पाकीट जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) तीन आकडे देतात, लाइन रिकामी असताना, डाउनलोड चालू असताना आणि अपलोड चालू असताना. पहिला १० आणि तिसरा ३००-४०० आला तर हेच ते.

यावर फुकटचा उपाय, मोबाइलच्या बॅकअपला फक्त चार्जिंगला असताना किंवा रात्री अशी अट घाला. पक्का उपाय, राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (पाकिटांची रांग सांभाळणारी सोय) असं काही असेल तर ते चालू करून तिथे मोजलेल्या स्पीडच्या ९० टक्के भरायचे, समजा अपलोड ५० मोजलं तर ४५. थोडा स्पीड सोडायचा आणि रांग आपल्या राउटरच्या हातात ठेवायची. नवीन घेताना ही सोय आहे का ते बघाच, अँटेना मोजण्यापेक्षा हे बघा.

लावताना दोन-चार गोष्टी. कंपनीचं डबडं पण राउटरचं काम करत असेल आणि त्याच्या मागे तुमचा राउटर, तर दोघंही घरातल्या यंत्रांना आपापले नेटवर्कचे पत्ते वाटत बसतात, गेम आणि ऑफिसचं व्हीपीएन त्याने कधीकधी अडखळतं. एकाला गप्प करा, डबडं ब्रिज मोडवर (हे बहुतेक कंपनीला फोन करूनच होतं) किंवा तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर. डबड्याचं स्वतःचं वायफाय चालू असेल आणि वापरत नसाल तर बंद करा, उगाच हवेत गर्दी. ॲडमिन पेजचा पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, तिथे जाऊन ॲडमिनचा पासवर्ड बदला, अपडेट मारा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद करा. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३. जुन्या राउटरमध्ये चुकून टीकेआयपी नावाचा प्रकार निवडलेला असेल तर वायफायचा लिंक स्पीड ५४ च्या वर जातच नाही, हे कित्येकांना माहीत नसतं, तेवढं जाता जाता तपासा.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलल्याने स्पीड वाढतो असं कुणी सांगेल. साइट उघडायला सुरुवात किंचित लवकर होईल, डाउनलोड तेवढाच राहील. स्पीड बूस्टर नावाची ॲप तर टाकूच नका.

तर ताई, क्रम असा ठेवा: आज केबल बदलून लिंक स्पीड बघा, उद्या राउटर कप्प्यातून बाहेर काढा, बॅकअपची अट तर आत्ता बसल्या बसल्या घालता येईल. पोर्टवर "१०/१००" निघालं तरच खरेदीला जा. आणि केबल बदलल्यावर आकडा किती आला ते मला नक्की लिहा, मिस्टरांसोबत पैज लावली असेल तर ती कोण जिंकलं ते पण.